आप्पांचा हात थांबला, मग डोळे का हट्ट करतायत?

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. सासरे, म्हणजे आप्पा, अमळनेर तालुक्यातले, कापूसवाले शेतकरी, वय ६६, अकरा वर्षांपासून पार्किन्सन. चार महिन्यांपूर्वी मुंबईला डीबीएसचं, म्हणजे मेंदूत वायर बसवून मशीनने बारीक करंट देत राहायचं, ऑपरेशन झालं. हाताची थरथर जवळपास बंद, रात्री स्वतः कूस बदलतात, सकाळी शेतात एक चक्कर मारून येतात. पण पेपर वाचताना ओळ सुटते, मधूनच एकाचे दोन दिसतात, आणि मागच्या महिन्यात सेटिंग वाढवून आल्यापासून डोळा मिटला की पटकन उघडत नाही. गावात कोणीतरी सांगितलं की मशीनने डोळे गेले. तर हे मशीनमुळे का, आणि चष्मा बदलायचा का.

ताई, आधी ते "डोळे गेले" डोक्यातून काढा. मी जळगावला वीसेक वर्षं न्यूरोलॉजीची प्रॅक्टिस करतोय, ऑपरेशन मी करत नाही, ते मुंबई-पुण्याला होतं, पण नंतर मशीनचं सेटिंग बघायला आपल्या भागातले बरेच पेशंट माझ्याकडेच येतात कारण दर महिन्याला मुंबईची वारी कोणाला झेपते. तेव्हा ही तक्रार मला नवीन नाही. आप्पांना दिसण्याचा प्रॉब्लेम कमी आहे, डोळे हलवण्याचा जास्त आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि चष्म्याच्या दुकानात पहिलीच तपासतात.

घरी एक गोष्ट करून बघा. दोन पेन घ्या, एक लाल टोपणाचा एक निळ्या टोपणाचा, आप्पांच्या समोर दोन हातात लांब लांब धरा, मान हलवायची नाही, आणि म्हणा लाल बघा, निळा बघा, लाल, निळा. तुमच्या नवऱ्याला आधी बसवून बघा म्हणजे फरक कळेल. त्यांचा डोळा एका उडीत इकडून तिकडे जाईल. आप्पांचा बहुतेक दोन-तीन छोट्या उड्या मारत जाईल, जिना उतरल्यासारखा. आता पेन खाली ठेवा आणि नुसतं बोट एकदम एका बाजूला टिचकी मारून हलवा, न सांगता. तिकडे डोळा बऱ्यापैकी नीट जाईल. पार्किन्सनमध्ये हे असंच असतं, बाहेरून काही हललं चमकलं तर डोळा पळतो, स्वतःच्या मनाने न्यायचा म्हटलं की आखडतो. चालण्याचंही तसंच नाही का, सपाट फरशीवर पाय चिकटतो आणि खडूने आडव्या रेघा मारून दिल्या की माणूस टांग टाकत जातो. अक्षर बारीक होतं, पाऊल बारीक होतं, तशीच डोळ्याची उडी बारीक होते. दुखणं एकच.

या उडीला आम्ही सॅकेड म्हणतो. आपण सेकंदाला साधारण तीन वेळा अशी उडी मारतो, दिवसभर, आणि कळतही नाही. वाचताना तर डोळा ओळीवरून सरकत नसतोच, उडी, थांबा, उडी, थांबा असंच चाललेलं असतं, आणि ओळ संपली की एक मोठी उडी डावीकडे. आप्पांची ती मोठी उडी अर्ध्यात पडते. मग डोळा त्याच ओळीच्या मध्यात किंवा खालच्या तिसऱ्या ओळीत उतरतो. "ओळ सुटते" म्हणजे हे. त्याला नंबर लागत नाही.

आता मशीनचा संबंध कुठे येतो. आपल्याकडचं उदाहरण देतो. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, पाणी मागे तुंबून तयार असतं, दरवाजा उचलला की निघालं. मेंदूत खाली देठाच्या वरच्या भागात एक जागा आहे, सुपीरियर कॉलिक्युलस, डोळ्याची उडी तिथून सुटते, तिथे पाणी कायम तयार. आणि त्याच्यावर दरवाजा लावून बसलाय मेंदूतल्याच सबस्टँशिया नायग्रा नावाच्या जागेचा एक भाग, जो सारखा "थांब, थांब" असा सिग्नल सोडत असतो. उडी मारायची असली की तो सिग्नल क्षणभर बंद होतो, दरवाजा उचलला जातो, डोळा सुटतो. हे हिकोसाका आणि वुर्ट्झ या दोघांनी १९८३ साली माकडांवर फार सुंदर दाखवलं होतं, पुढे त्यांनी औषध टोचून तो दरवाजाच ढिला केला तर माकडाचे डोळे नको तेव्हा आपोआप उड्या मारायला लागले, थांबवता येईनात.

पार्किन्सनमध्ये डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं आणि सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचा चवळीच्या दाण्याएवढा तुकडा जास्तीचा भडकतो, तो त्या दरवाजावर अजून दाब टाकतो. दरवाजा पूर्ण उचललाच जात नाही. म्हणून उडी अर्धी. आणि आप्पांच्या डोक्यात वायर बसवलीय ती नेमकी याच चवळीच्या दाण्यात, दोन्ही बाजूंना. ग्रेनोबलच्या बेनाबिद डॉक्टरांनी १९८७ मध्ये थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या दुसऱ्या भागात असा करंट देऊन थरथर थांबवून दाखवली, मग १९९३ पासून या दाण्यात वायर घालायला लागले. साधारण सेकंदाला १३० वेळा बारीक ठोका देत राहायचं, म्हणजे त्या दाण्याचा बिघडलेला ताल मोडतो आणि दरवाजावरचा दाब कमी होतो.

म्हणजे हिशोबाने डोळे सुधारायलाच पाहिजेत, आणि सुधारतात पण. २००० साली पॅरिसच्या टीमने तपासलं की मशीन चालू असताना आठवणीतल्या जागेकडे मारलेली उडी जास्त अचूक पडते. मी क्लिनिकमध्ये हेच साधेपणाने करतो, खोलीत अंधार करायचा, टॉर्च क्षणभर एका बाजूला लावायची, बंद करायची, पाच आकडे मोजायचे, मग म्हणायचं आता जिथे दिवा होता तिकडे बघा. मशीन बंद असताना डोळा अर्ध्या रस्त्यात थांबतो, चालू केल्यावर बरेच जण जवळपास त्या जागी पोचतात. समोर दिसणाऱ्या गोष्टीकडे उडी सुरू व्हायलाही वेळ कमी लागतो असं नंतरच्या बऱ्याच कामांत दिसलं. रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय, तर फडताळात डबा कुठे ठेवला होता तिकडे नजर थेट जाणं. असल्या गोष्टी घरच्यांच्या लक्षात येत नाहीत कारण सगळे हाताकडे बघत असतात.

आणि गोळीने हे होत नाही का? सिंडोपाने, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या गोळीने, हातपाय मोकळे होतात तेवढे डोळे मोकळे होत नाहीत, काहींची समोरच्या वस्तूकडची उडी तर गोळीवर किंचित उशिरा सुटते. ऑपरेशननंतर गोळी कमी करतात, कधी तिसऱ्या हिश्श्याने कधी निम्म्यापर्यंत, म्हणजे आप्पांच्या डोळ्यांचं सगळं गणितच चार महिन्यांत बदललंय. त्यात ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे नुसत्या वायर घालण्याने, करंट न देताच, बरं वाटतं, तो गोडवा ओसरला की घरचे म्हणतात परत बिघडलं.

पण सुधारणा म्हणजे सगळंच सुधारतं असं नाही बरं का. एक उलटा खेळ आहे, मी उजवीकडे बोट हलवलं की तुम्ही डावीकडे बघायचं. बोटाकडे न बघणं हे अवघड असतं, धडधाकट माणूससुद्धा दहात एकदा-दोनदा फसतो. पार्किन्सनवाले जास्त फसतात. मशीनने इथे निकाल सरळ येत नाहीत, काही पेशंट लवकर आणि बरोबर बघतात, काही लवकर बघतात पण चुकीकडे. दरवाजा ढिला केलाय ना, मग नको ते पाणीपण सुटणारच. माझे एक पेशंट, धरणगावकडचे रिटायर्ड कंडक्टर, ऑपरेशननंतर मस्त चालायला लागले पण रस्ता ओलांडताना समोर ओळखीचा दिसला की आजूबाजूला न बघता सरळ निघायचे. बायको म्हणे पहिले हे जागचे हलत नव्हते तेच बरं होतं. घाई डोळ्यात दिसली तर ती व्यवहारातपण आलीय का हे मी हळूच विचारतो, पैसे, पत्ते, मोबाईलवरचे गेम. आप्पांचं असं काही असेल तर लपवू नका, सेटिंगने आणि गोळ्यांनी आवरता येतं.

आता दोन दिसण्याचं. यात तुम्ही मला एक गोष्ट सांगितली नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. दोन दिसत असताना आप्पांना एक डोळा हाताने झाकायला सांगा. झाकल्यावरही दोनच दिसत असतील तर तो मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतलं काही, मशीनशी संबंध नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. कुठलाही एक झाकला की एक दिसत असेल तर दोन डोळे एका रेषेत येत नाहीयेत. मग पुढचा प्रश्न, फक्त जवळचं वाचताना दोन दिसतं की लांबचा खांबपण दोन दिसतो? फक्त जवळ असेल तर ते जुनं पार्किन्सनचं दुखणं आहे, जवळ बघताना दोन्ही डोळे नाकाकडे वळावे लागतात ते वळत नाहीत. गोळीचा असर उतरला की जास्त. आणि लांबचं जवळचं दोन्ही दोन, तेही सेटिंग वाढवल्या दिवसापासून, तर मग करंट.

करंटचं असं का होतं ते एका पेशंटवरून सांगतो. पारोळ्याकडचे एक नाना, मी करंट वाढवत होतो, २.४ मिलिअँपिअरवरून हळूहळू वर, हात एकदम शांत झालेला, मी खूश. २.९ ला नाना वर ट्यूबलाइटकडे बघून म्हणाले, "डाक्टर, दोन दोन दखातस." मी डोळ्यात बघितलं तर उजवा डोळा कणभर नाकाकडे ओढला गेलेला. दोन पॉइंट खाली आणलं, "आते एकच शे." परत वर, परत दोन. नानांना गंमत वाटायला लागली, मला घाम. तर झालं काय, त्या चवळीच्या दाण्याच्या आतल्या आणि खालच्या अंगाला, अगदी लागून, डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या नसेचे धागे जातात. वायर सव्वा मिलिमीटर जाडीची, तिच्या टोकाला दीड-दीड मिलिमीटरचे चार कॉन्टॅक्ट, करंट कोणत्या कॉन्टॅक्टमधून किती सोडला त्याप्रमाणे त्याचा घेर वाढतो. घेर आतल्या बाजूला सांडला की डोळा ओढला जातो. नानांचा मी एक कॉन्टॅक्ट वर सरकवला, हात तेवढाच शांत राहिला आणि ट्यूबलाइट एकच झाली. पंधरा मिनिटांचं काम.

उलट बाहेरच्या बाजूला सांडला तर दोन्ही डोळे मिळून विरुद्ध बाजूला सरकतात, गाल ओढतो, जीभ जड होते, कारण तिकडून हातापायाच्या आणि चेहऱ्याच्या मोठ्या तारा खाली जातात. मागे सांडला तर झिणझिण्या. म्हणून ऑपरेशनमध्ये पेशंटला जागं ठेवतात तेव्हा सर्जन सारखं विचारत असतात, इकडे बघा, तिकडे बघा, दोन दिसतंय का. करंट कुठे पोचलाय ते डोळा लगेच सांगतो. मी तर म्हणतो हात नंतर बघा, आधी डोळे बघा, हाताचा ताठरपणा कमी-जास्त झाला की नाही यात मतभेद होतील, डोळा ओढला गेला की गेला. नवीन वायरींमध्ये कॉन्टॅक्टचे तुकडे केलेले असतात, करंट एका बाजूला वळवता येतो, आप्पांची कुठली आहे ते कार्डावर लिहिलेलं असेल, मला फोटो पाठवा.

हे सेटिंगचं दुखणं आहे ताई, नसेला इजा झालेली नसते, करंट हटला की जातं. फक्त रिमोटवरून स्वतः वर-खाली करत बसू नका. एका मुलाने बापाचा हात थोडा हलतो म्हणून रिमोटवरून रोज एकेक पायरी वाढवली होती, आठवड्याने म्हातारे तिरळे आणि बोबडे होऊन आले, आणि मुलगा मलाच विचारतो, "काय भो डॉक्टर, बॅटरी खराब दिली का?"

पापणीचं सगळ्यात जपून. डोळा मिटला की उघडत नाही, कपाळाला आठ्या पडतात, भुवया वर जातात, माणूस जोर लावतोय हे दिसतं पण पापणी ऐकत नाही. हे पार्किन्सनमध्ये मशीनशिवायही होतं. मशीनने काहींचं सुटतं, आणि काहींचं मशीनमुळेच सुरू होतं, दोन्ही बघितलंय. आप्पांचं सेटिंग वाढवल्यावर सुरू झालं म्हणता म्हणजे दुसरा प्रकार वाटतो, पण त्याच वेळी गोळी कमी केली होती का तेही बघावं लागेल, कारण गोळी कमी पडूनही पापणी आखडते. करंट किंवा कॉन्टॅक्ट बदलून बघतो, नाही जमलं तर पापणीच्या कडेला बोटॉक्सचे अगदी छोटे टोचे देतात, साधारण तीन महिने टिकतात, आणि ते सुरकुत्यांचं बोटॉक्स म्हणून हसू नका, इथे त्याचा खरा उपयोग आहे. तोपर्यंत घरगुती युक्ती म्हणजे भुवईच्या वर बोट हलकेच टेकवायचं, बऱ्याच जणांची पापणी टपकन उघडते. का उघडते म्हणाल तर तोच नियम, बाहेरून इशारा मिळाला की शरीर ऐकतं.

आणि मोटरसायकल बंद. आजपासून. हात थांबला म्हणून आप्पा परत गाडी काढत असतील तर चावी तुमच्याकडे ठेवा, चाळीसच्या स्पीडला पापणी दोन सेकंद मिटली तर गाडी बावीस मीटर आंधळी जाते.

आता जरा वेगळं, पण सांगतोच कारण वाचणाऱ्यांत कोणीतरी अजून ऑपरेशनच्या विचारात असेल. नंदुरबारकडचं एक कुटुंब आलं होतं, वडिलांना "पार्किन्सन", दीड वर्षात पाच-सहा वेळा पाठीवर पडलेले, गोळीचा काही उपयोग नाही, मुलगा जमीन विकायला निघालेला, डीबीएस करूनच घेऊ म्हणे. मी नुसतं खाली बघा म्हटलं. डोळे खाली जाईनात. मग मीच त्यांची मान धरून वर-खाली केली तर डोळे बरोबर खाली गेले. म्हणजे डोळ्याचे स्नायू आणि नसा ठीक, वरून येणारा हुकूम तुटलेला. शर्टावर पुढे वरणाचे डाग, कारण ताटाकडे नजर जात नाही. हा पार्किन्सन नाही, पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) नावाचा त्याचा सावत्र भाऊ आहे आणि त्याला या मशीनचा फायदा होत नाही. जमीन वाचली, पण मुलाचा चेहरा अजून आठवतो, त्याला मशीन नको ऐकून सुटल्यासारखं नाही वाटलं, शेवटचा दरवाजा बंद झाल्यासारखं वाटलं. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी कोणी डोळ्यांची वर-खालची हालचाल तपासली नसेल तर तपासून मागा. आप्पांचं हे झालेलं असणार, नाहीतर त्यांना एवढा फरक पडलाच नसता.

चष्म्याबद्दल, सध्या बदलू नका. सेटिंग बसायला सहा महिने जातात, तोवर डोळे आज एका रेषेत उद्या दुसऱ्या, पैसे वाया. सेटिंग बसल्यावरही जवळचं दोनच दिसत असेल तर वाचायच्या चष्म्यात प्रिझम, म्हणजे दोन चित्रं एकावर एक आणणारी तिरकी काच, टाकून मिळतो, चांगला ऑप्टोमेट्रिस्ट मोजून देतो. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काच आप्पांना देऊ नका, जिना उतरताना खालच्या भागातून पायरी धूसर दिसते आणि या पेशंटला एक पडणं पुरतं. वाचायचा वेगळा, चालायचा वेगळा. पेपरसाठी काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच कापा आणि ती ओळीवरून सरकवत न्या, त्या खाचेमुळे डोळ्याला बाहेरून वाट मिळते. खर्च शून्य, आणि माझ्या बघण्यात निम्म्या लोकांना याच्यापुढे काही लागलं नाही.

डोळे चुरचुरत असतील तर तेही सांगा. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, पार्किन्सनमध्ये ते निम्म्याच्याही खाली जातं, त्यात आपला मे महिना आणि गरम झळा, बुबुळ सुकतं आणि धूसर दिसतं. ओलावा देणारे साधे थेंब पुरतात. आप्पांना पेसिटेन ही थरथरीची जुनी गोळी चालू असेल तर तिने पण जवळचं धूसर दिसतं, या वयात मी ती बंद करायच्याच बाजूचा आहे, पण एकदम तोडू नका, हळूहळू उतरवतात. आणि कोणी वैदूने कवचबीजाची पावडर दिली असेल तर लाजू नका, खाजकुयलीच्या बीमध्ये खरंच लेव्होडोपा असतं, सिंडोपात असतं तेच औषध, म्हणजे आप्पा हिशोबाबाहेरची गोळी खातायत, आणि मी इकडे सेटिंग शोधत बसेन.

मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशन होतं, अडचण नाही, फक्त डोळ्यांच्या सर्जनला आधीच मशीनचं कार्ड दाखवा, रक्त थांबवायला विजेचा चटका देतात ती साधी मोनोपोलर कॉटरी वापरायची नाही म्हणावं. आणि गुडघ्याला शेक द्यायला फिजिओकडे जात असतील तर डायथर्मी, म्हणजे मशीनच्या लहरींनी दिलेला आतला शेक, अजिबात नाही, कुठल्याच अवयवावर नाही, वायरमधून ती उष्णता मेंदूपर्यंत जाते. गरम पाण्याची पिशवी चालते.

कधी येताय ते कळवा, सकाळची वेळ देतो. सकाळची गोळी न घेता या, सोबत खिशात ठेवा, कारण मला आप्पांचे डोळे चार प्रकारे बघायचेत, मशीन बंद-चालू आणि गोळी आधी-नंतर, दोन अडीच तास जातील, डबा आणा. आठवडाभर एका वहीत लिहा, दोन कधी दिसलं, गोळीनंतर किती वेळाने, पापणी कधी अडकली, आणि पापणी अडकते तेव्हाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, माझ्यासमोर ती हमखास शहाण्यासारखी वागते. कार्ड आणि रिमोट दोन्ही लागेल. मागच्या मंगळवारी शिरपूरहून एक बापू आले, सकाळी सहाची एसटी धरून, उपाशीपोटी, आणि रिमोट घरी देवघरात.